पार्श्वभूमी : नाच कुणाचा, चित्रीकरण कुणाचं

एआय नाच शिकतं ते व्हिडिओ पाहून. २०१७ साली संशोधकांनी ४०० प्रकारच्या मानवी हालचालींचा एक संच तयार केला, यूट्यूबवरच्या साधारण दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांतून. २०२१ च्या आणखी एका संचात टिकटॉकवरचे तीनशेहून जास्त नाच होते. पुढच्या खासगी संचांत मोडनिंबच्या संगीतबारीतली लावणी किंवा सोलापूरच्या मिरवणुकीतलं लेझीम गेलं का, हे कलाकाराला कळायला मार्ग नाही.

नाचावर हक्क कुणाचा, हा गुंता मात्र जुना आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने नृत्यरचना नाट्यकृतीत धरली, पण मांडणी लिहून किंवा अन्य प्रकारे नोंदलेली असावी, ही अट घातली. त्याच व्याख्येच्या शेवटी चित्रपट वगळला. आता लेझीमचे डाव कागदावर उतरवतो कोण? शिट्टी वाजली की पोरं वळतात, पुढच्या वर्षी डाव बदलतो. नोंद उरते ती व्हिडिओची, आणि कायद्याच्या लेखी व्हिडिओ म्हणजे चित्रपटच, हक्क तो काढणाऱ्याचा. व्हिडिओ हीच ‘अन्य प्रकारे’ केलेली नोंद, असा युक्तिवाद होतो. तो पटतोही, पण त्यावर विसंबून कोर्टाची पायरी चढायची ऐपत किती जणांची? २००९ मध्ये यक्षगानाच्या (कर्नाटकातल्या नृत्यनाट्याच्या) एका वादात नृत्य साहित्यकृतीत नव्हे, नाट्यकृतीत मोडतं, एवढं स्पष्ट झालं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण तो कायदा वस्तूंपुरता, नाचाला लागू नाही.

१९९४ मध्ये सादरकर्त्यांना वेगळा हक्क मिळाला, मुदत पुढे ५० वर्षं झाली. त्या यादीत नर्तकांच्या पंगतीला गारुडीही आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने श्रेयाचा आणि विकृतीकरणाविरुद्धचा हक्क जोडला. मात्र चित्रपटासाठी लेखी करार करून संमती दिली, की निर्मात्याच्या वापराला हरकत घेता येत नाही, व्यावसायिक वापराची रॉयल्टी तेवढी मागता येते. लावणीची सुपारी बहुधा तोंडीच ठरते. लेखी संमतीच नाही, म्हणून हरकतीचा हक्क शाबूत; कागद नसणं इथे कलावंतिणीच्या पथ्यावर पडू शकतं, फारसं कुणी तिला हे सांगत नाही इतकंच.

एआयचं प्रशिक्षण म्हणजे हक्कभंग का, हा प्रश्न एका वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीत न्यायालयापुढे नेला. डिसेंबर २०२५ मध्ये एका सरकारी समितीने सक्तीच्या परवान्याची शिफारस केली : कंपन्यांनी विचारायचं नाही, रॉयल्टी भरायची, वाटप एकाच मध्यवर्ती यंत्रणेकडून. यात नकाराला जागा नाही. आणि वाटप करायचं तर आधी हक्कदार ठरवावा लागेल, तिथे १९५७ ची नोंदीची अट पुन्हा आडवी येते.