फिशटँकमधल्या माशांचे आजार

घरात काचेच्या टाकीत पाळलेल्या शोभेच्या माशांना होणारे आजार, ते ओळखायच्या खुणा आणि त्यावरचे उपाय, हे सगळं या नोंदीत येतं. आपल्याकडे गोल्डफिश, मोली, गप्पी, एंजल, फायटर, ऑस्कर आणि वास्तूच्या नावाखाली घेतलेला फ्लॉवरहॉर्न हेच मासे जास्त दिसतात. यांचे बरेचसे आजार खरं म्हणजे आजार नसतातच, पाणी बिघडलेलं असतं, आणि लोक औषधाच्या बाटल्या ओतत बसतात.

नवीन टँक घेतला, कुर्ल्याहून नाहीतर क्रॉफर्ड मार्केटमधून आठ-दहा मासे आणून एकदम सोडले, चार-पाच दिवसांत मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले आणि आठवडाभरात निम्मे गेले, असं किती जणांकडून ऐकलंय याला गणतीच नाही. याला रोग म्हणत नाहीत. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो, उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. जुन्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर बसलेले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात, पण हे बॅक्टेरिया वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात आणि तोपर्यंत मासे स्वतःच्याच घाणीत पोहत असतात. त्यात बोअरवेलचं पाणी असेल तर अजून वाईट, कारण पाणी जितकं अल्कधर्मी तितका अमोनिया विषारी. 25 अंशाला पीएच 7 असेल तर अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो, तोच पीएच 8 झाला की पाच टक्क्यांच्या वर जातो. नायट्राइटचं वेगळंच, ते रक्तात मिसळून रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच कमी करतं, म्हणजे एअर पंप जोरात चालू असूनही मासा धापा टाकतो.

म्हणून मासा आजारी वाटला की पहिलं काम पाणी तपासायचं, थेंब टाकून रंग बघायचं किट मिळतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. किट नसेल तर सरळ एक तृतीयांश पाणी बदलायचं, नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढायचं औषध टाकून, आणि दोन दिवस खाणं बंद. बऱ्याच वेळा एवढ्यावरच मासा सुधारतो. एक चूक मात्र सगळे करतात, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतात आणि महिनाभर जमलेले बॅक्टेरिया मोरीत जातात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो दोनदा पिळायचा, झालं. लाइट बराच वेळ गेली तरी बंद फिल्टरमधले बॅक्टेरिया ऑक्सिजनवाचून मरायला लागतात, त्यामुळे जिथे लोडशेडिंग आहे तिथे बॅटरीवरचा एअर पंप घरात असलेला बरा.

आजार ओळखायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे खाणं टाकतानाची, जो मासा रोज पुढे असतो तो मागे राहिला की समजायचं काहीतरी आहे. बाकी खुणा म्हणजे पर अंगाला चिकटवून कोपऱ्यात बसणं, खड्यांवर अंग घासणं, एकच कल्ला हलणं, रंग उतरणं, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा. पण मासा कोणता तेही बघायला लागतं. फायटर आणि गुरामी वर येऊन हवा घेतातच, त्यांची रचनाच तशी आहे. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर विणीच्या काळात पांढरे कणीदार ठिपके येतात, ते बघून घाबरून औषध टाकणारे खूप आहेत. मीही एकदा टाकलंय.

खरे पांढरे ठिपके म्हणजे इक. गोड्या पाण्याच्या टँकमधला हा सगळ्यात नेहमीचा आजार, इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. फ्रेंच संशोधक फुके याने 1876 साली त्याचं वर्णन केलं. अंगावर रवा भुरभुरल्यासारखं दिसतं, एकेक ठिपका 1 मिलिमीटरपर्यंत. आपल्याकडे पुण्या-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत हा जास्त दिसतो, कारण टँकमध्ये हीटर नसतो, दिवसा आणि रात्री पाण्याच्या तापमानात फरक पडतो आणि मासा कमजोर होतो.

इकच्या उपचारात लोक फसतात ते त्याचं जीवनचक्र माहीत नसल्याने. ठिपका दिसतो तेव्हा परजीवी माशाच्या कातडीच्या आत बसून खात असतो आणि औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पोट भरलं की तो अंगावरून सुटतो, तळाच्या खड्यांवर नाहीतर झाडांवर जाऊन स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत विभागत शेकडो पिल्लं तयार होतात, तिथेही औषध लागत नाही. कवच फुटून ही पिल्लं पाण्यात पोहायला लागली की साधारण दोन दिवसांत त्यांना मासा सापडला पाहिजे नाहीतर ती मरतात. औषधाने मरतात ती फक्त ही पोहणारी. म्हणजे तिसऱ्या दिवशी ठिपके गेले म्हणून मासा बरा झाला असं समजून औषध थांबवलं तर खरं म्हणजे परजीवी खाली उतरून वाढत असतो, आणि आठवड्याने दसपट ठिपके घेऊन परत येतो. मग औषध बोगस होतं म्हणून दुकानदाराशी भांडण.

25 अंशाच्या आसपास हे चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होतं, थंड पाण्यात महिनाही लागतो. त्यामुळेच हीटर लावून पाणी हळूहळू, दिवसाला एक-दोन अंश, असं 30 पर्यंत नेतात, एक तर चक्र पटपट फिरतं आणि एवढ्या उष्णतेत बहुतेक वेळा त्याची वाढही अडते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, 20 अंशाला लिटरमागे 9 मिलिग्रॅम तर 30 ला साडेसातच्या आसपास, म्हणून एअर पंप वाढवायचा. सोबत खडे मीठ लिटरला 1 ते 3 ग्रॅम, विरघळवून, थोडं थोडं करून. ठिपके दिसायचे बंद झाल्यावरही आठवडाभर हे चालू ठेवायचं, म्हणजे एकूण दहा-चौदा दिवस. रोज तळ सायफनने, म्हणजे नळीने, ओढून घेतला तर कवचातलेही बरेच बाहेर जातात. लोच, कोरी असल्या तळाशी राहणाऱ्या माशांना मीठ आणि इकवर दुकानात मिळणारं औषध मॅलाकाइट ग्रीन, दोन्ही सोसत नाही, डोस निम्मा ठेवायचा.

मात्र हाच उष्णतेचा उपाय दुसरीकडे उलटतो. तोंडाभोवती नाहीतर पाठीवर खोगिरासारखा पांढुरका पट्टा आला की लोक बुरशी म्हणतात, पण तो बऱ्याचदा कॉलम्नॅरिस नावाचा बॅक्टेरियाचा आजार असतो आणि पाणी जितकं गरम तितका तो झपाट्याने पसरतो, मासा एक-दोन दिवसांत जातो. खरी बुरशी कापसाच्या पुंजक्यासारखी बाहेर आलेली दिसते आणि शक्यतो आधीच्या जखमेवर वाढते. सोनेरी धूळ भुरभुरल्यासारखं वाटलं, टॉर्च तिरका मारल्यावर चमकलं, तर ते व्हेल्व्हेट, तो परजीवी प्रकाशावरही जगतो म्हणून टँक झाकून अंधार करतात.

पर कडेने झिजत जाणं म्हणजे फिन रॉट, पाणी स्वच्छ ठेवलं तर सुरुवातीचा आपोआप भरतो. खवले अननसासारखे उभे राहून पोट फुगलं तर ड्रॉप्सी, हा एक रोग नसून आतली किडनी वगैरे निकामी झाल्याची खूण असते आणि इथपर्यंत आलेला मासा क्वचितच वाचतो. गोल अंगाचे ओरांडा, र्युकिन जातीचे गोल्डफिश उलटे तरंगतात तेव्हा आधी दोन-तीन दिवस उपास आणि मग सालं काढलेला उकडलेला मटार, कारण बऱ्याचदा बद्धकोष्ठच असतं. ऑस्कर-फ्लॉवरहॉर्नच्या डोक्याला पडणाऱ्या खड्ड्यांवर मेट्रोनिडॅझोल हे औषध वापरतात. निऑन टेट्राचा निऑन टेट्रा डिसीज मात्र बरा होत नाही, पट्ट्याचा रंग जायला लागला की तो मासा लगेच वेगळा करायचा.

औषधांचं म्हणाल तर दुकानात काहीही सांगा, निळी बाटली हातात येते. मिथिलिन ब्लू अंड्यांवरच्या बुरशीला छान आहे, पण मुख्य टँकमध्ये टाकलं की फिल्टरचे बॅक्टेरिया मारतं आणि काचांच्या सांध्यातलं सिलिकॉन कायमचं निळं करतं, ते वेगळ्या टबात वापरायचं. टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून टाकायचीही पद्धत आहे, पण आपल्या बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम त्या औषधाला बांधून टाकतं आणि फायदा फारसा होत नाही. तांब्याची औषधं गोगलगाय-झिंग्यांना मारतात. आणि डोस काढायला लिटर माहीत पाहिजेत, सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले 1000. दोन बाय एक बाय एक फुटाचा, म्हणजे साधारण 60 बाय 30 बाय 30 सेंटिमीटरचा टँक 54 लिटरचा वाटतो, खडे आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी असतं 45 च्या आसपास.

बरेचसे मासे चेन्नई-कोलकात्याकडून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत दमून आलेले असतात, त्यामुळे नवीन मासा दोन ते चार आठवडे स्पंज फिल्टर लावलेल्या वेगळ्या टबात ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपचार. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, आणि माशांना खायला घालतात ते जिवंत ट्युबिफेक्स वर्म्स गटाराच्या पाण्यातले असतात हे लक्षात ठेवायचं.

माशाकडून माणसाला येणारा एक आजार आहे, मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाच्या बॅक्टेरियाचा. फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत हा बॅक्टेरिया 1926 मध्ये सापडला. हाताला जखम असताना टँकमध्ये हात घातला तर काही आठवड्यांनी तिथे बऱ्या न होणाऱ्या गाठी येतात, डॉक्टरला टँकबद्दल आपण सांगितलं नाही तर त्याच्या डोक्यातही येत नाही. ज्या माशाचं काही होणार नाही त्याला फ्रीजरमध्ये टाकणं किंवा फ्लश करणं हे हालच आहेत, त्याऐवजी वेगळ्या भांड्यात लवंगाचं तेल पाण्यात चांगलं घुसळून हळूहळू वाढवत त्याला आधी गुंगी आणतात, श्वास थांबल्यावरही बराच वेळ त्यातच ठेवतात. जिवंत आजारी मासा तलावात सोडायचा नाही, घरच्या टँकमधून बाहेर पडलेला, काचेवरचं शेवाळ खाणारा सकर मासा आज धरणांत मासेमारांची जाळी फाडतोय.