चागास रोगातील अन्ननलिकेची शस्त्रक्रिया आणि हृदयाची गुंतागुंत : पार्श्वभूमी

ब्राझीलच्या अंतर्भागात घास छातीत अडकण्याच्या दुखण्याला ‘माल दे एंगास्गो’ असे म्हणत, आणि हे नाव चागास रोगाच्या, रक्त पिणाऱ्या ढेकणांमार्फत पसरणाऱ्या परजीवीच्या १९०९ मध्ये लागलेल्या शोधापेक्षा जुने आहे. गिळण्याचा हा त्रास आणि त्याच प्रदेशातील तरुणांचे अचानक होणारे मृत्यू यांचे मूळ एकच असावे, ही शंका लवकर व्यक्त झाली असली तरी ती पटायला काही दशके गेली.

निर्णायक काम १९५० च्या दशकात रिबेराओ प्रेतो येथे झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञांनी शवविच्छेदनात मिळालेल्या अन्ननलिकांचे पातळ काप करून त्यांच्या भिंतीतील चेतापेशी मोजल्या. साधारण निम्म्या पेशी नष्ट झाल्या की नळीची हालचाल बिघडते आणि सुमारे नव्वद टक्के गेल्या की ती फुगते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी हृदयाच्या भिंतीतील चेतापेशीही मोजल्या आणि तेथेही घट आढळली. हृदयविकाराचे सगळे खापर चेतापेशींच्या नाशावर फोडणारा त्यांचा सिद्धान्त पुढे मागे पडला. हृदयस्नायूचा दीर्घकालीन दाह आणि त्यातून येणारी तंतुमयता (स्नायूच्या जागी व्रणासारखी ऊती तयार होणे) ही आज मुख्य कारणे मानली जातात. तरीही अन्ननलिका आणि हृदय यांचा विचार एकत्रच केला पाहिजे, हा त्या कामातला धडा शल्यचिकित्सेने पुरेशा गांभीर्याने घेतला नाही, असे मला वाटते.

याचे एक कारण वर्गीकरणात आहे. १९६० मध्ये ब्राझीलच्या गोयास राज्यातून आलेल्या पद्धतीने क्ष-किरण चित्रावरून अन्ननलिकेचे चार गट पाडले. पहिल्या गटात नळी जवळजवळ नेहमीच्या रुंदीची असते. चौथ्यात ती दहा सेंटिमीटरहून रुंद, लांबलेली आणि श्वासपटलावर (छाती व पोट यांमधल्या पडद्यावर) आडवी पडलेली असते. शस्त्रक्रिया कोणती करायची हे या गटांवरून ठरू लागले आणि ते योग्यच होते. पण गट नळीचा होता, रुग्णाचा नव्हता. एखाद्याच्या कागदावर ‘पचनमार्गाचा प्रकार’ असे लिहिले गेले की त्याचे हृदय निरोगी असल्याचा समज आपोआप होई. प्रत्यक्षात दोन्ही अवयव बाधित असलेला मिश्र प्रकार मुळीच दुर्मीळ नाही. शिवाय विश्रांतीच्या अवस्थेत काढलेला ईसीजी सर्वसाधारण असला, तरी डाव्या निलयाच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) टोकाशी छोटा फुगवटा किंवा ठोक्यांची अधूनमधून उसळणारी अनियमितता असू शकते.

खरा वाद चौथ्या गटाबद्दल आहे. सुरुवातीच्या गटांसाठी जर्मनीत १९१३ मध्ये सुरू झालेली, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू चिरण्याची शस्त्रक्रिया पुरते, आणि जठराचा भाग अंशतः गुंडाळून आम्ल वर येणे रोखता येते. पण सैल पिशवीसारख्या झालेल्या नळीत स्नायू चिरून अन्न खाली कसे उतरणार, हा प्रश्न रास्त होता. साठून राहिलेल्या अन्नामुळे अशा नळीत कर्करोगाचा धोका वाढतो, ही दुसरी बाजू. म्हणून १९७० च्या दशकापासून साओ पाउलोच्या शल्यचिकित्सकांनी छाती न उघडता, पोटातून आणि मानेतून संपूर्ण अन्ननलिका काढून जठर वर नेऊन मानेत जोडण्याचा मार्ग रूढ केला.

छाती उघडावी लागत नसल्याने फुप्फुसांना होणारी इजा टळावी, ही अपेक्षा होती. मात्र नळी मोकळी करताना शल्यचिकित्सकाचा हात श्वासपटलातून वर, थेट हृदयाच्या मागे जातो. डाव्या अलिंदावर (हृदयाच्या वरच्या कप्प्यावर) दाब येतो, हृदयात परत येणारे रक्त कमी होते, भूलतज्ज्ञासमोरच्या पडद्यावर रक्तदाब कोसळतो आणि ठोके विस्कळीत होतात. हात बाहेर काढला की बहुधा सगळे पूर्ववत होते. निरोगी हृदय असे धक्के सहन करते. आधीच व्रण पडलेल्या आणि विद्युत संदेशांचे वहनमार्ग अर्धवट बंद असलेल्या हृदयाबाबत ती खात्री देता येत नाही. श्वासपटल पुढून रुंद चिरून नजरेखाली काम करण्याची सुधारणा याच अनुभवातून रुजली. अन्ननलिका जागेवर ठेवून खालचे तोंड रुंद करणे आणि जठराचा काही भाग काढणे, हा पर्यायही ब्राझीलमध्येच पुढे आला. हृदय दुबळे असलेल्या रुग्णात चौथ्या गटातही आधी लहान शस्त्रक्रिया करून पाहावी, असे म्हणणाऱ्यांची बाजू मला अधिक पटते.

कुपोषणाचा भाग पुष्कळदा दुर्लक्षित राहिला. महिनोन्‌महिने पातळ पदार्थांवर जगलेल्या माणसाला एकदम भरपूर पोषण दिले की रक्तातील पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फेट झपाट्याने घसरतात, आणि तेवढ्यानेही ठोक्यांची घातक अनियमितता सुरू होऊ शकते. शस्त्रक्रियेआधी पोषणासाठी घातलेल्या नळीवाटे हळूहळू पोषण देण्याची पद्धत म्हणूनच हृदयाच्याही हिताची आहे.

शस्त्रक्रियेनंतरचे एट्रियल फिब्रिलेशन (अलिंदांचे ठोके विस्कळीत होणे) ही वेगळी गुंतागुंत आहे. अन्ननलिका काढल्यावर ते चागास नसलेल्या रुग्णांतही वरचेवर दिसते आणि पुष्कळदा जोड गळत असल्याची किंवा छातीत जंतुसंसर्ग झाल्याची ती पहिली खूण असते. चागासच्या रुग्णात मात्र ‘हृदय आधीपासूनच खराब’ हे स्पष्टीकरण हाताशी तयार असते. औषधाने ठोके आटोक्यात आणून थांबले, तर गळती उशिरा लक्षात येते.

गेल्या तीन दशकांत चित्र बदलले. दुर्बिणीतून स्नायू चिरणे १९९० च्या दशकात रुळले. तोंडावाटे एंडोस्कोपीने तेच करण्याची पद्धत जपानमधून आली. घरात राहणाऱ्या मुख्य ढेकणामार्फत होणारा प्रसार थांबल्याचे प्रमाणपत्र ब्राझीलला २००६ मध्ये मिळाले. त्यामुळे आज शस्त्रक्रियेच्या टेबलावर येणारे रुग्ण बहुतांशी लहानपणी संसर्ग झालेले, आता उतारवयातले असतात. अनेकांना पेसमेकर बसवलेला असतो, काही जण रक्त पातळ करणारी औषधे घेत असतात. विद्युत उपकरणाने ऊतक कापताना पेसमेकर तात्पुरता बंद पडू शकतो, म्हणून त्याची तपासणी व योग्य जुळवणी आधीच करावी लागते, आणि रक्त पातळ करणारे औषध किती दिवस थांबवायचे हे शल्यचिकित्सक व हृदयरोगतज्ज्ञ यांना एकत्र बसून ठरवावे लागते.