पार्श्वभूमी : कॉलिंगवूडची गादी आणि २००९ चा करार

कॉलिंगवूड हा ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला मेलबर्नचा क्लब. त्याच्या प्रशिक्षकांचा विषय निघाला की गाडी आजही जुलै २००९ वर येऊन थांबते. तेव्हाचे प्रशिक्षक मिक मॉल्टहाऊस यांचा करार त्या मोसमाअखेर संपत होता. माजी कर्णधार नेथन बकली दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता आणि त्याच्यावर दुसऱ्या क्लबांचा डोळा होता. क्लबने तोडगा काढला : मॉल्टहाऊस यांनी आणखी दोन मोसम संघ सांभाळायचा, बकलीने त्यांच्या हाताखाली सहायक म्हणून शिकायचे, आणि २०११ सरले की खुर्ची त्याची. मॉल्टहाऊस यांना त्यापुढची तीन वर्षे ‘डायरेक्टर ऑफ कोचिंग’ हे पद.

सगळा घोळ या पदात आहे. ‘डायरेक्टर’ म्हटले की हा माणूस प्रशिक्षकाच्या वरचा वाटतो. पण सामन्याच्या दिवशीचा शब्द तर बकलीचा चालणार होता. मग हाती उरते ते मार्गदर्शन, तेही समोरच्याने मागितले तर. वडिलांनी दुकान मुलाच्या नावावर करून गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसावे, तसला प्रकार : गिऱ्हाईक रामराम वडिलांना घालते आणि हिशेब मुलाशी करते. असे दुकान फार दिवस सुखाने चालत नाही.

त्यात भर म्हणजे मधल्या काळात संघ जिंकू लागला. २०१० ची ग्रँड फायनल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, ६८-६८ अशी बरोबरीत सुटली. शेवटच्या मिनिटांत प्रतिस्पर्धी सेंट किल्डाच्या फॉरवर्डसमोर चेंडू टप्पा पडून भलतीकडे वळला, सहा गुणांचा गोल हुकला आणि बाजूच्या खांबांमधून गेल्याचा एकच गुण मिळाला. पुढच्या शनिवारी कॉलिंगवूडने फेरसामना ५६ गुणांनी मारला. २०११ मध्ये साखळीतल्या २२ पैकी २० सामने जिंकले, पण ग्रँड फायनलमध्ये जिलाँगने ३८ गुणांनी हरवले. मॉल्टहाऊस यांनी ते नवे पद घेतलेच नाही; ते क्लब सोडून गेले.

कराराची बाजू घेणारे म्हणतात, तो नसता तर मॉल्टहाऊस यांना ती दोन वर्षे मिळालीच नसती, मग २०१० चे विजेतेपद कुठून आले असते? मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण माणूस निवडणे वेगळे आणि दोन वर्षे आधी तारीख ठरवून बसणे वेगळे. संघ भरात असताना केवळ कॅलेंडर उलटले म्हणून प्रशिक्षक बदलला गेला.

या क्लबला गादीचे वेड जुनेच. जॉक मॅकहेल १९१२ ते १९४९ असे ३८ मोसम प्रशिक्षक होते. ७१४ सामने, आठ विजेतेपदे. १९५० मध्ये राखीव संघाच्या प्रशिक्षकाला नेमताच सभासद भडकले, तो काही दिवसांतच बाजूला झाला आणि फोन्स काईन आले. त्यांनी १९५३ आणि १९५८ जिंकून दिले. त्यानंतर ३२ वर्षे दुष्काळ. तेवढ्यात आठ ग्रँड फायनल हरल्या. त्या दुखण्याला ‘कॉलीवॉबल्स’ (इंग्रजीत भीतीने पोटात गोळा येणे; क्लबच्या नावावरची कोटी) असे नावही पडले. टॉम हेफींनी पाच वेळा संघ तिथवर नेला (१९७७ चा फेरसामना धरून), तरी १९८२ च्या मोसमाच्या मध्यावरच त्यांना काढले. दुष्काळ फिटला तो १९९० मध्ये, ली मॅथ्यूज यांच्या हातून.

मॉल्टहाऊस पुढे गेले तेही कट्टर वैरी कार्लटनकडे. मे २०१५ मध्ये त्यांनी मॅकहेल यांचा ७१४ चा विक्रम मोडला. समोर नेमके कॉलिंगवूड होते, आणि कार्लटन ७५ गुणांनी हरले. त्याच महिन्यात त्यांची नोकरीही गेली.

बकलीच्या वाट्याला विजेतेपद आलेच नाही. २०१८ ला वेस्ट कोस्टने ५ गुणांनी हिरावले, आणि जून २०२१ मध्ये, मोसम अर्ध्यावर असताना, तो पायउतार झाला. त्या वर्षी संघ सतराव्या क्रमांकावर होता. मग क्रेग मॅक्रे आले. ते कॉलिंगवूडकडून कधी खेळले नव्हते. उलट २००२ आणि २००३ च्या ग्रँड फायनलमध्ये मॉल्टहाऊस यांच्या कॉलिंगवूडला हरवणाऱ्या ब्रिस्बेनच्या संघात होते, आणि त्या ब्रिस्बेनचे प्रशिक्षक होते हेच ली मॅथ्यूज. मॅक्रेंच्या दुसऱ्याच मोसमात, २०२३ ला, कॉलिंगवूड ४ गुणांनी जिंकले. समोर ब्रिस्बेनच होते.