जुन्या लष्करी विमानांचे सुटे भाग ओळखणे

कोसळलेल्या, भंगारात निघालेल्या किंवा सेवेतून काढून तोडलेल्या लष्करी विमानाचा एखादा भाग हाती आला, की तो कोणत्या देशाच्या, कोणत्या प्रकारच्या विमानाचा आणि त्या विमानात नेमका कुठे बसणारा, हे ठरवण्याची पद्धत. संग्रहालये, विमानांची पुनर्बांधणी करणाऱ्या कार्यशाळा आणि अपघातस्थळांचे अभ्यासक ती वापरतात. भागावरचा क्रमांक हा यातला सर्वांत बळकट पुरावा. मात्र तो आराखड्याचा क्रमांक असतो, विमानाचा नव्हे. बहुतेक चुकीच्या ओळखी हा फरक विसरल्यामुळे होतात.

हाताळण्यापूर्वी : दुसऱ्या महायुद्धातील उपकरणांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग असे. तबकडी आता अंधारात चमकत नाही, म्हणजे ती निर्धोक झाली असे नाही. निकामी होते ते त्यातले चमक देणारे झिंक सल्फाइड. रेडियम-२२६ चा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षे आहे. अशा उपकरणाची काच उघडू नये, रंगाचे कण झाडू नयेत आणि ते हवा खेळती असलेल्या जागीच ठेवावे. पिवळसर-हिरवा झिंक क्रोमेट प्रायमर (धातूवरचा, रंगाखालचा थर) कोरडा घासू नये, त्यातले हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे. बंदुकीची काडतुसे, इजेक्शन आसनाची स्फोटके, ऑक्सिजनच्या बाटल्या आणि हायड्रॉलिक यंत्रणेतल्या दाबटाक्या तज्ज्ञाने तपासल्याखेरीज खोलू नयेत.

साफसफाई आणि वाचन : भाग सापडला त्या स्थितीत, शेजारी मोजपट्टी ठेवून, आधी छायाचित्रे घ्यावीत. मग कोरडा मऊ ब्रश, त्यानंतर कोमट पाणी व सौम्य साबण. तारेचा ब्रश आणि वाळूचा मारा दोन्ही वर्ज्य. अनेक क्रमांक धातूत ठोकलेले नसून प्रायमरवर शाईने छापलेले असतात. थिनर किंवा अ‍ॅसिटोनचा बोळा एकदा फिरला, की ते कायमचे जातात. ठोकलेला पण झिजलेला क्रमांक वाचायला दिवा पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावा आणि तीन-चार दिशांनी प्रकाश टाकून वेगवेगळी छायाचित्रे घ्यावीत. पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल आडवी फिरवली, तरी ठसा उमटतो. ३ आणि ८, ५ आणि इंग्रजी एस, १ आणि आय यांची गल्लत नेहमीची. खात्री नसलेला आकडा नोंदीत प्रश्नचिन्हासह लिहावा, अंदाजाने पुरा करू नये.

ओतीव किंवा घडीव भागावर उठावाचा क्रमांक दिसला, तर तो बहुधा कच्च्या ओतकामाचा असतो. एकाच ओतकामातून वेगवेगळी छिद्रे पाडून अनेक भाग बनत. तयार भागाचा खरा क्रमांक यंत्रकाम झालेल्या सपाट बाजूवर ठोकलेला किंवा छापलेला सापडतो. डाव्या भागाला विषम व उजव्याला सम क्रमांक देण्याची रीत बरीच रूढ होती, पण ती सर्व कारखान्यांत पाळली गेली नाही.

क्रमांकांची रचना : सुपरमरीन स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या भागांचा क्रमांक आराखड्याच्या प्रकार-क्रमांकाने सुरू होतो (‘मार्क’ म्हणजे विमानाची आवृत्ती) : मार्क १ साठी ३००, मार्क ५ साठी ३४९, मार्क ९ साठी ३६१. जो भाग पुढच्या आवृत्तीत न बदलता वापरला गेला, त्याचा क्रमांकही बदलला नाही. त्यामुळे १९४४ मध्ये बनलेल्या मार्क ९ मध्येही ३०० ने सुरू होणारे भाग मुबलक मिळतात, आणि ‘३०० आहे, म्हणजे मार्क १’ हा निष्कर्ष साफ चुकीचा ठरतो. बाजारात मात्र तो फार चालतो, कारण मार्क १ च्या नावाला किंमत आहे. कॅसल ब्रॉमिच कारखान्याची ‘सीबीएएफ’ ही अक्षरे मिळाली, तर निदान उत्पादनस्थळ कळते.

नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या मस्टँग (पी-५१) या अमेरिकी लढाऊ विमानाची पद्धत अशीच आहे. ७३ हा आकडा पहिल्या मस्टँगचा, ९९ पी-५१ए चा, १०२ व १०४ पी-५१बी चे, १०६ व १०९ पी-५१डी चे. समजा, एका ढिगात पंखाच्या मुळाशी बसणारे दहा कंस (ब्रॅकेट) मिळाले. त्यांपैकी नऊंवर ‘७३-’ आहे आणि एकावर ‘१०६-’. इथे बहुमत कामाचे नाही. हे सर्व भाग एकाच विमानाचे असतील, तर तो एकटा १०६ निर्णायक ठरतो, कारण जुना भाग नव्या विमानात राहू शकतो, पण नवा भाग त्याच्या आराखड्याआधीच्या विमानात मूळचा असू शकत नाही. अपवाद दुरुस्तीत बदललेल्या भागाचा. म्हणून असा भाग मूळ रिव्हेटांनी (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांनी) बसवलेला आहे, की नंतर भोके मोठी करून, हे बघावे लागते.

जर्मन भागांवर हवाई मंत्रालयाचे क्रमांक असत. विमानाच्या सांगाड्यासाठी ८ (८-१०९ म्हणजे मेसरश्मिट १०९) आणि इंजिनासाठी ९ (९-६०५ म्हणजे डाइमलर-बेंझ ६०५). ब्रिटिश भांडारक्रमांकात तिरप्या रेषेआधी विभाग येतो : ६ए उपकरणांचा, ५सी विजेच्या सामानाचा, १०डी रेडिओच्या भागांचा. सोबत मुकुट आणि ‘एएम’ ही अक्षरे म्हणजे हवाई मंत्रालय. नाटोच्या १३ अंकी भांडारक्रमांकात पाचवा-सहावा अंक देश सांगतो : ०० व ०१ अमेरिका, ९९ ब्रिटन, १२ जर्मनी. अमेरिकी भागावर देशाचे दोन अंक नसलेला ११ अंकी क्रमांक असेल, तर ती पाटी १९७४ मधील बदलाच्या आधीच्या पद्धतीची.

क्रमांकच नसेल तर : मोजमाप करावे. ब्रिटिश पत्रा एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज) या जाडीच्या मापाचा : २२ गेज म्हणजे ०.७१ मिमी, २० गेज ०.९१, १८ गेज १.२२. अमेरिकी पत्रा इंचाच्या हजाराव्या भागात : ०.०३२ इंच म्हणजे ०.८१ मिमी, ०.०४० इंच १.०२. जर्मन पत्रा सरळ ०.८, १.०, १.२ मिमी. ०.८० आणि ०.८१ मधला फरक गंजलेल्या पत्र्यावर मायक्रोमीटरलाही कळत नाही. म्हणून एका रिव्हेटाचे माप न घेता रिव्हेटांमधल्या सलग दहा अंतरांची लांबी मोजावी आणि ती इंचात पूर्ण बसते की मिलिमीटरमध्ये, ते पाहावे.

आटे त्याहून बोलके. पाव इंच व्यासाच्या ब्रिटिश बीएसएफ (बारीक आट्याच्या) बोल्टला इंचाला २६ आटे, अमेरिकी बारीक आट्याच्या बोल्टला २८. पहिल्याच्या आट्याचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. आट्यांचा गेज प्रकाशासमोर धरला, की फट दिसते. पण अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवलेल्या, मूळ ब्रिटिश आराखड्याच्या मर्लिन इंजिनांत ब्रिटिश आटेच ठेवले होते, तेव्हा आटे आराखड्याचा देश सांगतात, कारखान्याचा नव्हे. रिव्हेटाच्या डोक्यावर मधोमध खळगी असेल, तर तो २११७ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा, अमेरिकी मानकाचा.

धातू ओळखायला वजन पुरते : मॅग्नेशियमची घनता १.७४, अ‍ॅल्युमिनियमची २.७, टायटॅनियमची ४.५. तुटक्या कडेवर कॉस्टिक सोड्याच्या १० टक्के द्रावणाचा थेंब टाकला, तर ड्युरालुमिन (तांबेमिश्रित अ‍ॅल्युमिनियम) काळे पडते आणि त्यावरचा शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा थर पांढरा राहतो. हातमोजे व चष्मा घालून, नगण्य कोपऱ्यावरच हे करावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

रंग हा दुय्यम पुरावा आहे. जपानी विमानांच्या आतल्या पत्र्यावरचा पारदर्शक निळा-हिरवा आओताके लाख सहज ओळखू येतो. बाहेरचा रंग मात्र सेवाकाळात अनेकदा बदलला जाई.

ओळखीच्या मर्यादा : उंचीमापक, होकायंत्र, स्विच हे भाग डझनभर प्रकारच्या विमानांत तेच असत. त्यावरून हवाई दल कळते, विमान नाही. एका विशिष्ट विमानापर्यंत पोचायला सापडल्याची जागा, अपघाताची नोंद आणि इंजिन किंवा बंदुकीचा अनुक्रमांक यांची सांगड लागते. नुसती नावाची पाटी पुरत नाही, कारण तिच्या हुबेहूब प्रतिकृती विकल्या जातात. पाटीचे रिव्हेट, मागचा गंज आणि ज्या पत्र्यावर ती होती त्यावर उरलेली तिची छाप जुळवून पाहावी. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्यानुसार कोसळलेल्या लष्करी विमानाचे अवशेष परवान्याशिवाय उकरता किंवा उचलता येत नाहीत. अमेरिकेत बुडालेल्या लष्करी विमानांना २००४ च्या कायद्याचे संरक्षण आहे. जागेवरून परस्पर उचललेल्या भागाचे, तो कुठे पडला होता, हे संदर्भमूल्यही नाहीसे होते.