कार्डावरचे शेवटचे तीन रकाने

मूल दीड-दोन वर्षांचं झालं, गोवर-रुबेलाचा दुसरा आणि त्रिगुणी लशीचा पहिला बूस्टर डोस झाला, की माता व बाल संरक्षण कार्ड कपाटात जाऊन बसतं. 'सगळ्या लशी झाल्या' असं घरात ठरून जातं. पण त्याच कार्डावर तीन रकाने अजून कोरे असतात: पाच ते सहा वर्षांचा डीपीटीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातावरच्या त्रिगुणीचा, दुसरा बूस्टर, १० वर्षांचा टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) आणि १६ वर्षांचा टीडी. शाळेच्या भाषेत पहिली, पाचवी आणि दहावी. हे डोस सहज राहून जातात आणि त्याचा फायदा घेतो तो घटसर्प.

घटसर्पात घशात करडा, चिवट पापुद्रा धरतो. तो ओढायला गेलं तर रक्त येतं. पापुद्रा वाढला की श्वास कोंडतो. पण त्याहून फसवं असतं ते जंतूने सोडलेलं विष. ते रक्तातून हृदयाच्या स्नायूंपर्यंत आणि मज्जातंतूंपर्यंत पोचतं, पेशीत शिरतं आणि तिथलं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतं. एक पेशी मारायला विषाचा एक रेणूही पुरतो. या विषावरच्या प्रतिविषाच्या कामासाठी एमिल फॉन बेरिंग यांना १९०१ सालचं वैद्यकातलं पहिलं नोबेल मिळालं. आजही उपचार प्रतिविषाचाच आहे, सोबत अँटिबायोटिक. मात्र प्रतिविष पकडतं ते रक्तात मोकळं फिरणारं विष. पेशीत शिरलेल्या विषाला ते हात लावू शकत नाही. म्हणून दवाखान्यात पोचायला झालेला उशीर इथे भरून निघत नाही. विषाला पकडणारी प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, रक्तात आधीपासून हजर असावीत, एवढ्यासाठीच लस असते.

मग लहानपणी दिलेली लस पुरत का नाही? कारण ही लस जंतूची नाही, निकामी केलेल्या विषाची आहे. शरीर ते विष ओळखायला शिकतं, प्रतिपिंडं तयार करतं. पण वर्षं जातात तशी त्यांची पातळी उतरत जाते. पूर्वी जंतू गावात फिरत असे आणि त्याच्याशी गाठ पडून ही ओळख आपोआप ताजी होई. लसीकरणाने जंतू कमी झाला, तशी ती उजळणीही थांबली. आता उजळणी करायची ती बूस्टरनेच. सोव्हिएत संघ कोसळण्याच्या काळात तिथलं लसीकरण विस्कळीत झालं आणि १९९० ते १९९८ या काळात त्या भागात घटसर्पाचे दीड लाखाहून जास्त रुग्ण झाले. त्यांत मोठ्या माणसांचा भरणा होता. भारतातही आता घटसर्पाचे बरेच रुग्ण पाच वर्षांवरचे असतात.

पालकांची एक समजूत इथे फार घात करते. 'मागच्या वर्षी सायकलवरून पडला तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय की!' ते इंजेक्शन टीटीचं असेल, तर त्यात घटसर्पाचा अंश नसतोच. काही वर्षांपूर्वीपर्यंत १० आणि १६ व्या वर्षीही टीटीच देत. आता त्या जागी टीडी आहे, म्हणजे धनुर्वात अधिक घटसर्प. इंग्रजीत यातला टी मोठ्या लिपीत आणि डी लहान लिपीत लिहितात, कारण घटसर्पाचा अंश यात मुद्दाम कमी ठेवलेला असतो. मोठ्या मुलाला बाळाएवढा दिला तर दंड जास्त सुजतो. तेव्हा जखमेवर इंजेक्शन घेतलं असेल, तर ते टीटी होतं की टीडी, हे त्या कागदावर बघा.

डोस चुकला म्हणून सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. शरीर आधीचे डोस विसरत नाही. जिथे थांबलं तिथून पुढे जायचं. डीपीटी सात वर्षं पूर्ण होईपर्यंत देता येतो. मूल साडेसहा वर्षांचं असेल तर याच आठवड्यात जा. सात उलटले की डीपीटी नाही, टीडी. दहाव्या वर्षीचा टीडी राहिला आणि मुलगी आता बारा वर्षांची आहे? आत्ता द्या, आणि सोळाव्या वर्षीचा वेगळा द्या. आधी एकही डोस न झालेल्या मोठ्या मुलाला साधारणपणे टीडीचे तीन डोस लागतात: पहिल्या दोहोंत किमान चार आठवडे, तिसरा त्यानंतर किमान सहा महिन्यांनी. गोवर-रुबेला राहिली असेल तर सरकारी केंद्रात ती पाच वर्षांपर्यंत मिळते. साधी सर्दी किंवा किरकोळ ताप हे डोस पुढे ढकलण्याचं कारण नव्हे.

लस चांगली आहे की नाही, हे कुपीवर छापलेल्या वर्तुळातला छोटा चौकोन सांगतो. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस वापरण्याजोगी. रंग सारखा झाला किंवा आतला गडद झाला तर कुपी बाद. पण ही खूण फक्त उष्णतेची. डीपीटी आणि टीडीला थंडी जास्त झालेलीही चालत नाही; त्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हव्यात. गोठलेली कुपी वितळवून हलवली तर आत कण दिसतात आणि ते अर्ध्या तासात तळाशी बसतात. न गोठलेली सारखी गढूळ राहते. म्हणून परिचारिका फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक लगेच लशीच्या डब्यात ठेवत नाहीत. कानाशी हलवून आत पाणी खळखळल्याचा आवाज आला, मगच ठेवतात. घरच्या फ्रीजमध्ये लस आणून ठेवू नये, ते यासाठीच.

डोस दंडाच्या स्नायूत, अर्धा मिलिलिटर. पाचवी-दहावीच्या मुलांची खरी अडचण सुईपेक्षा रिकाम्या पोटाची असते. न जेवता रांगेत उभं राहायचं, पुढच्याला टोचताना बघायचं आणि मग भोवळ. एक मूल पडलं की त्याच्या मागची दोनही डगमगतात. म्हणून खाऊन पाठवा, बसवून टोचून घ्या, टोचण्याची जागा रांगेपासून आडोशाला ठेवा. भोवळ आलेल्या मुलाला आडवं करून पाय उंच केले की बहुधा मिनिटा-दोन मिनिटांत ते सावरतं. श्वास लागणं, अंगभर गांधी उठणं, चेहरा सुजणं हे वेगळं. ती ॲलर्जी असते आणि तिच्यावर तिथेच ॲड्रेनलिन द्यावं लागतं. टोचल्यावर अर्धा तास थांबवून ठेवतात ते त्यासाठी. दंड दुखणं, अंग कोमट होणं एक-दोन दिवस चालतं. जागा चोळू नका. गार पाण्याची पट्टी पुरते.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी कार्ड सामानासोबत न्यावं. गाव बदललं तरी लस त्या भागातल्या आरोग्य केंद्रात मोफतच मिळते; तिथल्या आशाताईंना वस्तीवर मुलं आहेत एवढं कळवायचं. घरात कोणी गरोदर असेल तर तिचाही टीडी याच फेरीत विचारून घ्या. आणि डोसची तारीख शिबिरातल्या चिठ्ठीवर नव्हे, कार्डावरच लिहून घ्या, यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, नोंद झाली का विचारा, कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. चिठ्ठी पावसाळ्यात भिजते आणि पुढच्या वेळी केंद्रात कोणालाच सांगता येत नाही, की मुलाला शेवटचा डोस कधी दिला होता.