प्रतिकूल कब्जा

दुसऱ्याची जमीन किंवा घर त्याच्या परवानगीशिवाय, उघडपणे, सलग आणि स्वतःचं समजून वापरत राहिलं, आणि मूळ मालकाने ठरलेल्या मुदतीत कोर्टात दावा लावला नाही, तर मालकाचा हक्कच संपतो, याला प्रतिकूल कब्जा म्हणतात. लोकांच्या तोंडी 'बारा वर्षांची वहिवाट'. वहिवाट हा शब्द शेतातल्या रस्त्याच्या किंवा पाण्याच्या हक्कालाही वापरतात, पण तो सुविधाधिकार झाला, त्याचा कायदा 1882 चा आणि मुदत 20 वर्षांची, दोन्हीची गल्लत करू नये.

हे आलं कुठून यावर मतं वेगवेगळी आहेत. रोमन उसुकापिओ, म्हणजे ठराविक काळ ताब्यात ठेवून मालकी मिळवणं, हे मूळ असं बरेच जण सांगतात, बारा पट्टांत म्हणजे रोमच्या जुन्या लिखित कायद्यात (परंपरेने इ.स.पू. 451-450) जमिनीला 2 वर्षं आणि बाकी वस्तूंना 1 वर्ष दिलंय. पण नंतरच्या रोमन कायद्यात ताबा घेणाऱ्याची सद्भावना आणि काहीतरी वैध कारण लागायचं, प्रतिकूल कब्जात तर दुसऱ्याचं आहे हे माहीत असूनही चालतं, त्यामुळे सरळ वंशावळ जोडणं जरा अवघडच. बळाने नाही, लपून नाही, परवानगीने नाही हे त्रिसूत्र मात्र रोमनच.

आपल्याकडे स्मृतींमध्ये भोग म्हणजे उपभोग हा पुरावा मानलाय. मनुस्मृतीत मालकाच्या डोळ्यादेखत 10 वर्षं दुसऱ्याने भोगलं आणि तो गप्प राहिला तर त्याला ते परत मिळत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत (काळ साधारण इसवी सनाची पहिली काही शतकं) जमिनीला 20 आणि बाकी धनाला 10 वर्षं. खरा वाद इथल्या 'हानि' या शब्दावर आहे. हानी कशाची, मालकीची की नुसत्या उत्पन्नाची? मिताक्षरा या याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेत विज्ञानेश्वर म्हणतो की जमीन जात नाही, गप्प बसल्यामुळे मधल्या काळाचं फळ तेवढं जातं, आणि आगमाशिवाय म्हणजे हक्काच्या मुळाशिवाय नुसता भोग पुरत नाही, तो पुरायला माणसाच्या आठवणीपलीकडचा काळ लागतो, जो त्याने 100 वर्षं धरलाय. शब्दशः वाचणाऱ्यांना हे ओढूनताणून वाटतं. पण गहाण, सीमा, ठेव, अज्ञान मुलाचं धन, स्त्रीधन असे अपवाद याज्ञवल्क्याने लगेच पुढे दिलेत, ते पाहता मालकाला सांभाळून घेणारं विज्ञानेश्वराचं वाचन जास्त पटतं.

12 हा आकडा इंग्लंडहून आला असं सर्रास लिहिलं जातं. तारखा जुळत नाहीत. इंग्लंडमध्ये 1623 पासून 20 वर्षं होती, 12 वर आणली ती 1874 च्या कायद्याने. आपल्याकडे 1859 च्या मुदतीच्या कायद्यात 12 आधीच होतं आणि बंगालच्या 1793 च्या रेग्युलेशनमध्येही. मुंबई इलाख्यात तर 1827 च्या पाचव्या रेग्युलेशनने मालक म्हणून 30 वर्षांपेक्षा जास्त सलग ताबा हा हक्काचा पुरावा मानला होता. म्हणजे बारा वर्षं कंपनी सरकारच्या बंगाली व्यवस्थेतून पसरली असं म्हणणं जास्त सुरक्षित.

सध्या 1963 चा मुदत अधिनियम लागू आहे, त्यातलं कलम 27 (मुदत संपली की मालकाचा हक्क संपतो), आणि ताब्याच्या दाव्यांची 12 वर्षांची मुदत देणारे अनुच्छेद 64 आणि 65. सरकारी जमिनीला 30 वर्षं, 1908 च्या कायद्यात ती 60 होती. आधी मालकालाच आपण 12 वर्षांच्या आत ताब्यात होतो हे दाखवावं लागायचं, आता मालकीवर दावा केला की प्रतिकूलपणा सिद्ध करायचं ओझं कब्जेदारावर असतं, हा बदल मोठा आहे पण त्याकडे फारसं कुणी बघत नाही.

भाडेकरू 12 वर्षं राहिला की मालक होतो ही निव्वळ अफवा. भाडेकरू, राखणदार, नात्यातला माणूस हे परवानगीने आत आलेले, त्यांचा ताबा कितीही जुना झाला तरी प्रतिकूल होत नाही, जोवर ते उघडपणे मालकी नाकारत नाहीत आणि मालकाला ते कळत नाही. सहहिस्सेदाराचंही तसंच, बाकीच्यांना उघड बाहेर काढलेलं दिसावं लागतं. साठेखतावर म्हणजे विक्रीच्या नुसत्या करारावर ताबा घेतलेला खरेदीदार तर विकणाऱ्याचाच हक्क मान्य करून आलेला असतो. सातबारा, घरपट्टीची पावती, लाईट बिल यांनी फार तर ताबा दिसतो, मालकी येत नाही.

सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये हा कायदा तर्काला धरून नाही म्हणत सरकारला फेरविचार करायला सांगितलं. 2019 मध्ये त्याच कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी मात्र कब्जेदार हे फक्त बचावात नाही तर स्वतः दावा लावूनही वापरू शकतो असं ठरवलं, सार्वजनिक उपयोगाच्या जमिनींवर असा हक्क मिळू नये असंही सुचवलं. विधी आयोगाने 2023 च्या 280 व्या अहवालात बदल नको म्हटलं. इंग्लंडमध्ये 2002 च्या कायद्यानंतर नोंदणीकृत जमिनीवर 10 वर्षांनी अर्ज करता येतो, पण आधी मालकाला नोटीस जाते आणि त्याने हरकत घेतली की बहुतेक वेळा अर्ज तिथेच अडतो.