बिडाच्या यांत्रिक गल्ल्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात लोकांनी नाणी घरात दडवून ठेवल्यामुळे पाच-दहा सेंटांचे व्यवहारसुद्धा कागदी चलनावर होऊ लागले होते. १८७०च्या दशकात नाणी पुन्हा हाती खेळू लागली आणि मुलांना बचतीची सवय लावणाऱ्या गल्ल्यांना मोठे गिऱ्हाईक मिळाले. कनेटिकटमधील क्रॉमवेल येथे १८४३ साली स्थापन झालेल्या जे. अँड ई. स्टीव्हन्स कंपनीने जॉन हॉल यांचा ‘हॉल्स एक्सेल्सिअर’ हा गल्ला बनवला. त्याचे पेटंट २१ डिसेंबर १८६९चे असून बिडाच्या यांत्रिक गल्ल्यांचा, म्हणजे नाणे टाकताना हालचाल करणाऱ्या ओतीव लोखंडाच्या गल्ल्यांचा, आरंभ साधारणपणे तेथूनच धरतात. दारावरच्या घंटेची मूठ ओढली की छप्पर उघडून रोखपाल वर येतो आणि त्याच्यापुढे ठेवलेल्या नाण्याच्या भाराने पुन्हा आत जातो.

हॉल यांचाच १८७३चा ‘टॅमनी’ गल्ला मात्र मला याहून महत्त्वाचा वाटतो. खुर्चीत बसलेला पुढारी हातावरचे नाणे खिशात घालतो आणि मान डोलावतो. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या राजकीय संघटनेचा सूत्रधार विल्यम ट्वीड त्याच वर्षी भ्रष्टाचाराबद्दल दोषी ठरला होता. मुलांच्या खेळण्यात मोठ्यांचे राजकारण असे उघडपणे शिरले, तसाच त्यांचा वर्णद्वेषही शिरला. चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा १८८२ साली झाला आणि हाती पत्ते घेऊन लोळणाऱ्या चिनी माणसाचा गल्लाही त्याच वर्षीचा आहे. कृष्णवर्णीयांची विटंबना करणारे गल्ले तर अनेक निघाले. संग्रहात असे नमुने ठेवणाऱ्याने त्यांचा हा इतिहास सोबत सांगितलाच पाहिजे.

बफेलोच्या शेपर्ड हार्डवेअर कंपनीच्या गल्ल्यांचे रंगकाम अतिशय देखणे होते, परंतु खाली अस्तराचा हात न दिल्यामुळे तो रंग सहज पोपडे धरून निघतो, आणि म्हणूनच मूळ रंग शाबूत असलेल्या नमुन्याची किंमत पुन्हा रंगवलेल्या नमुन्यापेक्षा कितीतरी अधिक असते.

संग्राहकांची संघटना १९५८ साली उभी राहिली. त्याच सुमारास प्रतिकृतीही बाजारात येत होत्या, त्यामुळे अस्सल ओळखण्याचे शास्त्र विकसित होणे भागच होते. ओतलेले बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते; त्यामुळे जुन्या गल्ल्याचाच साचा घेऊन केलेली नक्कल मूळ वस्तूपेक्षा किंचित लहान भरते. अनुभवी संग्राहक गल्ल्याचा तळ कागदावर रेखून अस्सल नमुन्याच्या रेखाटनाशी ताडून पाहतात, ते याच कारणाने.